पिवळं पिक विंगेत, काळं स्टेजवर

डोंबिवलीच्या आमच्या गिटार क्लासमध्ये पिकांच्या इयत्ता होत्या. पिक म्हणजे गिटारच्या तारा छेडायची छोटी, तिकोनी प्लॅस्टिकची चकती. पिवळं पिक म्हणजे पहिली इयत्ता. ते पातळ होतं, बोटांत दाबलं की वाकायचं. लाल पिक म्हणजे दुसरी, ते थोडं जाड. आणि काळं पिक म्हणजे तिसरी, जवळजवळ पदवीच. ते कोटाच्या बटणाएवढं जाड होतं आणि कशानेही वाकत नसे. ज्याच्या हातात काळं पिक, तो मोठा गिटारवाला. त्याला वाजवता येतं का, हा प्रश्न त्यानंतरचा होता आणि तो विचारायचं बहुतेक वेळा राहूनच जाई.

मी हे रचून सांगत नाही. आमचे सर ही पिकं मिसळणाच्या डब्यात ठेवत. आपल्या घरी ओट्यावर असतो तोच, आत गोल वाट्या असलेला स्टीलचा डबा. हळदीच्या वाटीत पिवळी, तिखटाच्या वाटीत लाल आणि मोहरीच्या वाटीत काळी. पिकं त्यांचे कोणी नातेवाईक आखातातून आणत असत. सर तो डबा कुणाला हात लावू देत नसत. गुरुपौर्णिमेला मात्र तो पाटावर ठेवला जाई, त्याला हळदकुंकू वाहिलं जाई, आणि ज्याला वरच्या इयत्तेत घातलं असेल त्या विद्यार्थ्याला समोर बसवून सर त्याच्या ओंजळीत पुढचं पिक ठेवत. विद्यार्थी वाकून नमस्कार करी. त्याचे आईवडील फोटो काढत. एका मुलाला लाल पिक मिळालं तेव्हा त्याच्या आईने सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. मुलाला तोपर्यंत एक गाणं सलग वाजवता येत नव्हतं.

आज हे आठवलं की मला हसू येत नाही, किळस येते. शब्द जरा मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही.

मी कल्याणपलीकडच्या शहाडहून यायचो. बाबा तिथल्या एका कंपनीत पाळीवर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कल्याणच्या कॉलेजात सायन्सला होतो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं असावीत. गिटार आमच्याकडे यायचं खरं तर काही कारण नव्हतं. कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये बाबांच्या ओळखीचे एक इंजिन ड्रायव्हर राहत. ते रिटायर होऊन कुटुंबासकट परदेशात मुलीकडे निघाले. बाबा त्यांचं सामान बांधायला गेले होते. गिटार कुठल्याच खोक्यात मावेना, म्हणून त्यांनी ती बाबांच्या गळ्यात घातली. बाबा ती घेऊन शहाडपर्यंत चालत आले आणि मला म्हणाले, "बघ, तुझ्या कॉलेजात उपयोगी पडेल का." त्यांना वाटलं होतं, अशा वस्तू कॉलेजवाल्यांना लागत असतील.

गिटार आली, पण पिक आलं नाही. मी आधी नखाने वाजवत होतो. लोखंडी तारांनी चार दिवसांत नख झिजवलं. मग सापडेल त्याने वाजवायला लागलो. शर्टाच्या कॉलरमध्ये प्लॅस्टिकची पट्टी असते, कॉलर ताठ राहावी म्हणून. ती काढून वाजवली तर तारांवरून हात नुसता घसरत जायचा. पट्टी वाकायची आणि सुटायची, आणि सहाही तारा मिळून एकच 'छन्न' असा आवाज यायचा, पातळ आणि स्वच्छ. आजीच्या जुन्या एक्स-रेचा तुकडा कापून पाहिला. तो इतका लवचिक होता की तारेआधी त्याचाच फडफडाट ऐकू यायचा. मग साबणाच्या डबीचं झाकण फुटलं, त्याचा तुकडा दगडावर घासून तिकोनी केला. तो जाड आणि कडक. त्याने सगळ्या तारा एकदम छेडल्या की दाराला लाथ मारल्यासारखं व्हायचं. पण एकेक सूर वाजवायला घेतला, की तोच तुकडा कमाल करायचा. सूर गोल यायचा, भरीव यायचा, आणि बराच वेळ टिकायचा. कॉलरच्या पट्टीने तोच सूर वाजवला तर माशी घोंघावल्यासारखा वाटायचा.

म्हणजे पातळ चांगलं की जाड चांगलं, असं काही नव्हतं. गायकाच्या मागे तारा हलक्या झुलवायच्या तर पातळ, आणि धून वाजवायची तर जाड. हातालाही ते कळत होतं. पातळ पिक तारेपुढे माघार घेतं, त्यामुळे मनगट मोकळं राहतं. जाड पिक माघार घेत नाही, मग माघार हाताला घ्यावी लागते. बोटं सैल ठेवली नाहीत तर प्रत्येक तार ठेच लागल्यासारखी अडते. एवढं मला घरी, जमिनीवर बसून, कुणी न शिकवता कळलं होतं. यात माझी काही हुशारी नव्हती. ज्याच्याकडे दोन वेगळे तुकडे आणि दोन कान होते, त्याला हे कळलं असतं. आईला मात्र सगळं सारखंच वाटायचं. तिचं म्हणणं एवढंच, की कुकरची शिट्टी ऐकू आली पाहिजे.

तरी मी क्लासला गेलो. मला वाटलं होतं, मला जे नुसतं जाणवतंय त्याचं कारण शिकलेल्या माणसांना माहीत असेल. डोंबिवलीबद्दल माझ्या मनात तेव्हा फार आदर होता. तिथे घराघरात पुस्तकांची कपाटं असत, लोक वर्तमानपत्रात पत्रं लिहीत, आणि मुलांना गाण्याच्या, चित्रकलेच्या, संस्कृतच्या क्लासला घालत. आमच्याकडे कुणी कशाच्या क्लासला गेलं नव्हतं. सर मुंबईत सरकारी नोकरीत होते, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवत असत, आणि 'टोन' हा शब्द नाकातून म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या गिटारवर बोट आपटून पाहिलं, मी कुठून येतो ते विचारलं, आणि त्या दिवसापासून मला 'शहाड' म्हणायला लागले. क्लासमध्ये बाकी सगळ्यांना नावं होती.

मला पिवळं पिक मिळालं. दोनतीन महिन्यांनी मी धीर करून विचारलं, की सर, कोणतं पिक घ्यायचं हे गाण्यावर अवलंबून नसतं का? मी फार चाचरत विचारलं होतं. सरांनी आधी डोळे बारीक केले, मग बाकीच्यांकडे पाहिलं.

"काय रे शहाड, पहिलीतला मुलगा म्हणाला, की मला आज बारावीचं पुस्तक वाचायचंय, कारण ते धड्यावर अवलंबून आहे, तर चालेल का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग सर म्हणाले, तुमच्या बाजूला हळदीला बँजो वाजतो ना, तिथे कसंही चालतं, इथे शिस्त असते. त्यावर मुलं आणखी हसली. आमच्या शेजारच्या गावात हळदीला बँजो वाजायचा हे खरं होतं, आणि तो वाजवणारे या खोलीतल्या कुणाहीपेक्षा तालात पक्के होते हेही खरं होतं. खोलीतला एकही जण त्या गावात कधी गेला नव्हता, आणि मला समजावून सांगायची इच्छाही झाली नाही. मला वाटतं, त्या दिवशी माझ्या आदराला पहिला तडा गेला. शिकलेला माणूस प्रश्नाला उत्तर देईल असं मी धरून चाललो होतो. त्याने हशा दिला.

काळ्या पिकाचे मानकरी तिघे होते. त्यांतला पुढारी एका डॉक्टरांचा मुलगा. त्याने काळ्या पिकाला भोक पाडून ते साखळीत घालून गळ्यात अडकवलेलं असायचं, आणि वाजवायला दुसरं असायचं. तिघेही पिक मुठीत धरल्यासारखं धरत, कारण सैल धरलं तर पडेल, आणि काळं पिक पडणं म्हणजे नामुष्की. त्या मुठीने ते तारांवर मारायचे. तार बिचारी वाजायची तरी कशी? 'ढब्ब, ढब्ब' असा आवाज यायचा, गोणी आपटल्यासारखा. महिन्याला कुणाची ना कुणाची तार तुटे. तार तुटली की सर म्हणत, "ताकद आली हातात." तुटलेली तार हेसुद्धा प्रगतीचंच लक्षण. डॉक्टरांचा मुलगा वाईट नव्हता. मला एकदा त्याने वडापाव दिला होता आणि मनापासून समजावलं होतं, "तू टेन्शन नको घेऊस रे. पिवळ्यात मीपण अडकलेलो एक वर्ष. नंतर सुटतो माणूस." जणू पिवळ्या पिकाची कावीळ झाली होती.

दोन गुरुपौर्णिमा गेल्या. मला लालसुद्धा मिळालं नाही. माझं मनगट जास्त हलतं असं सरांचं मत होतं. मनगट हलल्याशिवाय पातळ पिकाने वाजतच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं असं मी तेव्हा समजत होतो.

त्यानंतरच्या डिसेंबरात क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठाण्याच्या एका हॉलमध्ये ठरला. स्टेजवर बसायला फक्त काळं पिक. पिवळे आणि लाल प्रेक्षकांत. दरवर्षीचाच नियम होता. पण सरांनी त्या वर्षी सगळ्यांना घरच्यांना घेऊन यायला सांगितलं, आणि मी घरी कार्यक्रमाचं बोललो तेव्हा आईबाबांनी गृहीतच धरलं, की मी वाजवणार. दोन वर्षं दर रविवारी मुलगा गिटार घेऊन डोंबिवलीला जातो, मग तो वाजवणार नाही तर कोण? मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाबांनी लगेच पाळी बदलून घेतली, आणि आमच्या आळीत तोपर्यंत कळलंही होतं. मग मला एकच गोष्ट हवी झाली, की कसंही करून त्या स्टेजवर बसायचं. आईबाबांनी मला आयुष्यात एकदा तिथे वाजवताना पाहायचं. मला त्याहून जास्त काही नको होतं, हे आज लिहिताना जरा केविलवाणं वाटतं, पण तसंच होतं.

कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी तालीम होती. शेवटचं गाणं सरांनी स्वतः चाल लावलेलं होतं. संथ, हळू आवाजातलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं. ते सरांची भाची गाणार होती. ती कॉलेजात होती, गाणं दुसरीकडे शिकत होती, आणि क्लासमध्ये सरांना न घाबरणारी एकटीच. तिच्यामागे काळ्या पिकाचे तिघे बसले आणि ढब्ब, ढब्ब सुरू झालं. तिने एक कडवं गायलं, मग थांबली.

"मामा, मला माझाच आवाज ऐकू येत नाहीये."

"मग जोरात गा."

"जोरात गायचं गाणं नाहीये हे. तूच चाल लावलीयेस."

"अगं, माइक असणारे तुला."

"त्यांनाही असणारे ना."

सरांनी तिघांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, की मघाशी चहाच्या वेळी मागे तो मुलगा हेच वाजवत बसलेला, तसं पाहिजे. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"कोण, शहाड?" सर म्हणाले, आणि डॉक्टरांचा मुलगा हसला.

मला पुढे बोलावलं. हात थरथरत होते, पण पातळ पिकाचा एक फायदा असतो, ते थरथरणं पोटात घेतं. मी हलकेच तारा झुलवायला लागलो. भाचीने डोळ्यांनीच हो म्हटलं आणि गायला सुरुवात केली. तिचा आवाज वर राहिला आणि गिटार खाली, सारवलेल्या जमिनीवर रांगोळी उठून दिसावी तशी. सरांनी डोळे मिटले. त्यांची मान हलायला लागली. कडवं संपलं तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "हां. असंच." मग त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातलं पिवळं पिक पाहिलं, आणि त्यांचा चेहरा ताटात केस सापडल्यासारखा झाला.

त्यांनी डब्यातून एक काळं काढून मला दिलं. आता हे घे आणि असंच वाजव, म्हणाले. मी मनापासून प्रयत्न केला. माझं सगळं त्यावरच अवलंबून होतं. बोटं सैल सोडली, पिकाचं टोक न लावता त्याची गोल कड लावली, हात गिटारच्या भोकापासून तिच्या मानेकडे सरकवला, तिथे तारा मऊ लागतात. आवाज कमी झाला, पण झुलणारा झाला नाही. प्रत्येक तार सुटी सुटी, जड, एकामागून एक पायरी उतरल्यासारखी. भाचीने मान हलवली. मलाही कळत होतं. सरांनाही कळत होतं, कारण ते माझ्याकडे पाहत नव्हते.

थोडा वेळ विचार करून त्यांनी तोडगा काढला. माझ्या गिटारजवळ एक माइक ठेवायचा आणि मी विंगेत बसून पिवळ्याने वाजवायचं. तिघे स्टेजवरच बसतील.

"म्हणजे आम्ही काय करायचं, सर?" डॉक्टरांच्या मुलाने विचारलं.

"तुम्ही हळू वाजवा."

"किती हळू?"

"ऐकू येणार नाही इतकं."

मी तेव्हा पुन्हा एकदा तोंड उघडलं. मी पिवळंच घेऊन बाहेर बसलो तर चालेल का, आईबाबा येणार आहेत, असं काहीतरी अडखळत म्हणालो. सर चिडले नाहीत. उलट पहिल्यांदाच माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"हे बघ, पुढच्या रांगेत पालक असतात. त्यांच्या मुलांनी तीन-तीन वर्षं घालवलीयत काळ्यासाठी. त्यांना मी काय सांगू? पहिल्या इयत्तेच्या पिकानेच वाजतं म्हणून? तुला बाहेर बसायचंच असेल तर काळं घेऊन बस, मी नाही म्हणत नाही. पिवळं वाजवायचं असेल तर विंगेत. तू ठरव."

मी विंग निवडली. हा त्याग वगैरे नव्हता. काळं घेऊन बसलो असतो तर ते गाणं माझ्याच हाताने, माझ्या आईबाबांसमोर बिघडलं असतं, आणि मला प्रत्येक ठोक्याला ते ऐकू आलं असतं. ते मला जमलं नसतं. घरी सांगायचं मात्र राहिलं. आईने साडीला बाहेरून इस्त्री करून आणली होती.

कार्यक्रम दुपारचा होता. आईबाबा कल्याणहून एसटीने ठाण्याला खोपटच्या डेपोत उतरले आणि चालत हॉलवर आले. मी विंगेत लाकडी स्टुलावर बसलो होतो, एका बाजूला पडद्याचा दोर, दुसऱ्या बाजूला सरबताचं पिंप. तिथून प्रेक्षकांचा एक तुकडा दिसायचा आणि योगायोगाने आईबाबा त्याच तुकड्यात होते. प्रत्येक गाण्याला आई मान उंच करून स्टेजवरचे चेहरे तपासायची. मग बाबांच्या कानात काही म्हणायची. बाबा हाताने 'थांब जरा' करायचे.

शेवटचं गाणं सुरू झालं. भाची गायली आणि मी वाजवलं. इतकं चांगलं मी त्याआधी वाजवलं नव्हतं. पिक बोटांत आहे हेही काही वेळाने कळेनासं झालं, नुसतं मनगट आणि तारा. माझ्यासमोर पाचसहा हातांवर तिघे एका रांगेत बसले होते आणि तारांच्या वर हवेत हात हलवत होते. डॉक्टरांचा मुलगा चौकड्याच्या शर्टात होता, त्याने तर डोळेही मिटले होते. तो मान डोलवत होता. माझ्याच तालावर, एवढंच त्यातल्या त्यात समाधान. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि तिघे उभे राहून वाकले. सर्वांत खाली डॉक्टरांचा मुलगा.

बाहेरच्या व्हरांड्यात मला आईबाबा भेटले. आई खूश होती.

"शेवटचं गाणं किती छान झालं रे. तो चौकड्याच्या शर्टातला मुलगा काय हलक्या हाताने वाजवत होता. तुझं कधी झालं? आम्हाला दिसलंच नाही."

मी उत्तर द्यायच्या आधी सर आले. बाबांनी हात जोडले आणि अगदी अदबीने विचारलं, की सर, आमचा मुलगा कुठे दिसला नाही. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, दिसण्यात काय आहे? टोन महत्त्वाचा."

मी हे वाक्य पुढे अनेक वर्षं मनात घोळवलं आहे. चिडायचा प्रयत्न केला, माफ करायचा प्रयत्न केला. दोन्ही नीट जमलं नाही. ज्याने मला दिसू नये म्हणून पडद्याआड बसवलं, तो माझ्या बापाला सांगत होता, की दिसण्यात काही नसतं. आणि सांगताना त्याला काहीही वाटत नव्हतं. उलट तो खुशीत होता. त्याने खिशातून एक काळं पिक काढलं आणि माझ्यापुढे धरलं. गुरुपौर्णिमा नसताना हे कुणाला मिळालं नव्हतं.

"आजपासून तू काळ्यात."

"सर, मी पिवळ्याने वाजवलं," मी म्हणालो.

"म्हणूनच देतोय ना."

बाबांनी माझ्या पाठीला हलकाच हात लावला. "पाया पड," म्हणाले. मी पडलो.

खोपटच्या डेपोत कल्याणच्या गाडीला अवकाश होता. ऊन उतरलं होतं. आम्ही एका बाकावर बसलो आणि मी सगळं सांगितलं. विंग, माइक, हवेत हात हलवणारे तिघे. बाबा ऐकत राहिले. आईला ते पटत नव्हतं. तिने त्या मुलाला वाजवताना पाहिलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी. मी खोटं बोलत नाही हेही तिला कळत होतं, त्यामुळे ती गोंधळली होती. शेवटी ती म्हणाली,

"मग ते काळं घ्यायचं होतंस की. एवढंसं तर आहे. बाहेर बसला असतास. पाहिलं तरी असतं आम्ही."

मी पिशवीतून गिटार काढली. आजूबाजूला माणसं होती, एक कंडक्टर तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन बसला होता. मला लाज वाटत होती. तरी मी आईला म्हटलं, ते गाणं आठवतंय तेवढं गुणगुण. ती आधी नाहीच म्हणाली, पदर तोंडाला लावला. मग इकडेतिकडे पाहून अगदी बारीक आवाजात पहिली ओळ सुरू केली. तिला शब्द आठवत नव्हते, नुसती चाल. मी काळ्या पिकाने वाजवायला लागलो, त्या तिघांनी तालमीत वाजवलं होतं तसं. आई दुसऱ्या ओळीला थांबली.

"मलाच ऐकू येईना मी काय म्हणतेय ते."

मी पिक बदललं. म्हटलं, आता परत म्हण. तिने पुन्हा सुरू केलं. या वेळी ती थांबली नाही. पहिली ओळ, दुसरी, मग पुन्हा पहिली. आवाज थोडा मोकळा झाला. कंडक्टरने मान वळवून पाहिलं, पण तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्या हाताकडे पाहत होती. थांबली तेव्हा म्हणाली, "हाच होता. हाच आवाज होता." आणि मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "त्या काळ्याने त्या पोरीला गिळलंच असतं."

बाबांनी माझ्या हातातून दोन्ही पिकं घेतली. एकेक करून अंगठ्याने वाकवून पाहिलं. पिवळं वाकलं, काळं नाही वाकलं. त्यांनी ती परत दिली.

"मग तुझ्या सरांना हे कळत नव्हतं काय?" त्यांनी विचारलं.

मला तिथे हो म्हणता आलं असतं. मीही इतके दिवस तेच समजत होतो, की त्यांना कळत नाही, अडाणी आहेत, आणि त्या समजुतीत एक प्रकारची दयाही होती. पण तालमीत त्यांनी डोळे मिटले होते. त्यांची मान हलली होती. 'असंच' हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप आला होता.

"कळत होतं, बाबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला कॉलेजात घालताना त्यांनी कंपनीतल्या सगळ्यांना सांगितलं होतं, की शिकलं की माणसाला चांगलंवाईट कळतं. ते बराच वेळ डेपोतल्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले, एकेक, जणू कल्याणची कुठली ते माहीतच नसावं.

"ते काळं ठेव नाहीतर टाक, तुझं तू बघ," ते म्हणाले. "पण परत त्या माणसाच्या पाया पडू नकोस. मघाशी मी सांगितलं, ते चुकलं माझं."

मग कल्याणची गाडी लागली. बाबांनी गिटार स्वतःच्या खांद्याला लावली, आईला पुढे केलं, आणि आम्ही चढलो.